शिवाशिवी

साथीनंतर शाळा उघडली, तेव्हा आम्ही मैदानावर फक्कीने दूर दूर गोल आखले होते. मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तर माझी दुसरीची मुलं शिवाशिवी खेळत होती. राज्य आजही मीनलवरच होतं. तिची आई कोविड वॉर्डात नर्स होती.

मी बाहेर जाऊन विचारलं, "रोज तिच्यावरच राज्य का रे?"

"बाई, ती शिवली की कोरोना होतो. आई सांगते," एकजण शांतपणे म्हणाला.

अंतर ठेवायला आम्हीच शिकवलं होतं. कुणापासून, ते मुलं घरून शिकून आली होती.

मीनल मात्र खुशीत धावत होती. आपल्याला खेळायला घेतलं, एवढंच तिला कळलं होतं.

घंटा झाली. धापा टाकत ती माझ्याजवळ आली.

"बाई, खेळ संपला तरी सगळे पळतातच."