चार मळलेली पाने

नव्वदीच्या दशकात राहात्याच्या बाजारात एक म्हातारा पोत्यावर बसून पोथ्या बांधायचा. प्रत्येक पान तो चिमटीत धरून अंगठ्याने चाचपायचा. माझी वीस वर्षांची पोथी मी त्याच्याकडे नेली.

"ही चारच पानं लई मळलीत," तो म्हणाला.

मी ताठ्यात सांगितले, "धर्म त्यातच आहे. बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा हीच वाचून दाखवली आणि तिला घर बंद केलं."

"आन् ही?" त्याने कडेला जुळलेली पाने दाखवली. छापखान्यातून आल्यापासून ती कुणी कापलीच नव्हती. "मला वाचता येत न्हाई, सायेब. पन देवाचं तुमी हवं तेवढंच ऐकलंत, ते अंगठ्याला कळतंय."

मला राग आला. तरी घरी येऊन मोजले. दोनशे बारापैकी चार. मग उरलेली वाचली. त्यांत क्षमा होती, आणि माझ्यासारख्या ताठ माणसाची निंदाही.

तिला घर बंद केल्याच्या सात वर्षांनी मी बहिणीच्या दारात उभा राहिलो. तिने उंबऱ्यातूनच पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले,

"दादा, आता कोणतं पान सापडलं?"