अधिकातला पगार

करमाडजवळच्या त्या शेळीपालन केंद्राच्या मालकाची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं.

शहरात माझं छोटं ऑफिस आहे. व्यापाऱ्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवून देते. या मालकाकडं पिशोरकडची मेंढपाळ कुटुंबं पाडव्यापासून पाडव्यापर्यंत कामाला असायची. पगार दर अमावास्येला. रस्त्यालगतच्या त्याच्या गाळ्यांचं भाडंही मराठी महिन्यानंच. बाजारातल्या सॉफ्टवेअरला जानेवारी-डिसेंबर सोडून काही कळत नाही. मी पंचांग उघडून बसले आणि चैत्र ते फाल्गुन चालणारा पगार तयार केला. तीनेक वर्षांनी येणारा अधिक महिनासुद्धा त्यात घातला. दोन पाडवे सगळं सुरळीत चाललं.

मग अधिक श्रावण आला, आणि मालकाचा फोन.

"मॅडम, पगारातला अधिक काढून टाका. देवाचा महिना तो, त्याचा कसला पगार?"

मी संगणकावर पाहिलं. गाळ्यांच्या भाड्यात अधिक श्रावणाच्या पावत्या निघाल्यासुद्धा होत्या.

"मग भाड्यातलाही काढते," मी म्हटलं.

"भाड्याला हात लावू नका."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. गाडी काढली, करमाड गाठलं आणि गोठ्यासमोरच त्याला सांगितलं, हे मी करणार नाही. तो हसला. "तुमाला पैसे कोण देतंय मॅडम? मी का ते?"

शेळ्यांना पाला टाकणारी एक बाई हातातलं काम थांबवून ऐकत होती. त्या कुटुंबांत तीच वडीलधारी.

"काय झालं, ताई?" तिनं मलाच विचारलं.

मी सगळं सांगितलं, त्याच्या देखत. भाडं तेरा महिन्यांचं, पगार बारा महिन्यांचा.

ती त्याच्याकडं वळली. "मालक, अधिकात शेळ्या उपाशी ठिवायच्या का मग?"

"तू मधी बोलू नको," तो ओरडला.

तिनं पाल्याचा भारा तिथंच टाकला. दुसऱ्या दिवशी कुणीच शेळ्या सोडल्या नाहीत. गोठ्यात नुसता कालवा. दुपारपर्यंत मालक नरमला आणि अधिकाचा पगार कबूल केला. अमावास्येला तो दिलाही.

पण माणूस सुधारला नाही. पाडवा आला तसा त्यानं माझं काम बंद केलं, दुसऱ्या कुणाकडून पगार इंग्रजी महिन्यावर आणला. आकडा तोच, महिना मात्र दिवसभरानं लांबला. अधिकाचा प्रश्नच मिटला. भाडं मात्र मराठी महिन्यावरच ठेवलं. वर लोकांना सांगत फिरला, आपण आता मॉडर्न झालो.

त्या बाईचा फोन आला. "महिना मोठा केला तर पगार बी मोठा कर म्हणलं. नाय म्हणला. आम्ही निघालो, ताई."

"कुठं?"

"सिल्लोडकडं. एक जण मेंढरं सांभाळाय देतोय. पगार अमावास्येलाच ठरवून घेतलाय. अधिकाचा बी."

मला बरं वाटलं, पण राग शमला नाही. ज्या गावात ते इतकी वर्षं राबले, तिथून बिऱ्हाड त्यांना हलवावं लागलं. तो अजून तिथंच आहे, आणि येत्या अधिकातही गाळेवाल्यांकडून भाडं घेईल.