पळसाच्या देठांचा मुलगा

कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. लोकसंख्या, भूभाग, सरकार, सार्वभौमत्व, हे राज्याचे चार घटक फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. मागच्या हिवाळ्यात साताऱ्याकडचं एक जोडपं काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या घरी उतरलं, आणि त्या शब्दांचा मला संताप येऊ लागला.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू उतरतात. त्यांची कार्यं आता माझे धाकटे दीर करतात. या दोघांचा एकुलता मुलगा इलेक्ट्रिशियन. गोदामात नोकरी म्हणून एजंटाने त्याला परदेशी नेलं, तिथे पासपोर्ट काढून घेतला, अंगावर गणवेश चढवला आणि लढाईवर धाडलं. मग फोनच बंद. तिथलं सरकार म्हणतं, तो राजीखुशीने भरती झाला. शत्रूपक्ष म्हणतो, असा कुणी आमच्याकडे नाही. आपलं सरकार म्हणतं, विचारणा चालू आहे. तिघंही सार्वभौम! आग लागो त्या सार्वभौमत्वाला. एकाला तरी लाज वाटावी?

वडिलांना पालाशविधी करायचा होता. प्रेत हाती लागत नाही तेव्हा पळसाच्या देठांचा माणूस रचून त्याला अग्नी देतात. "पोरगं तिकडं पाण्यावाचून भटकत असंल, गुरुजी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. दीरांनी समजावलं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. "तवर मी जगतोय व्हय?"

आई मात्र ऐकेना. "जित्या लेकराला जाळू? माझ्या हयातीत नाही." ती ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनेच दीरांना गाठलं. "आन्‌ तो माघारी आला तर?"

"त्यालाही विधी आहे. तुपाने न्हाऊ घालायचं, नवा जन्म झाला असं मानायचं. मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून."

"बारसं," ती स्वतःशीच पुटपुटली. मग म्हणाली, "करा तर. पण ताई, तुम्ही माझ्यासंगं चला."

अहिल्याबाई घाटावरून नाव करून आम्ही गंगेपलीकडच्या वाळूत गेलो. देठांचा देह, डोक्याच्या जागी नारळ. संकल्प सांगताना दीर थांबले. गेला कुठल्या देशात? शेवटचा फोन जिथून आला, त्या गावाचं नाव वडिलांनी सांगितलं. ते गाव दोन्ही देश आपलंच म्हणतात, त्यासाठीच तर सगळी मारामारी. दीर माझ्याकडे वळले. "वहिनी, हा तुमचा विषय."

"नुसतं देशांतरी म्हणा!" मी खेकसले. बिचाऱ्या दीरांचा काय दोष?

वडिलांनी अग्नी दिला. पळस तडतडत पेटला. आई रडली नाही. मला मात्र आवरलं नाही.

परतताना आमच्या गल्लीत लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाशी ती थांबली. टांगलेलं एक झबलं हातात घेऊन चाचपू लागली. दुकानदाराने विचारलं, "माताजी, बच्चा कितने महीने का है?"

"चोवीस वर्षांचा," ती मराठीतच म्हणाली. "बारशाला पायजे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "भैया, जो सबसे बड़ा हो, वही दे दो."