तोफेचा वाढदिवस

हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या इंग्लंडच्या गॉस्पोर्ट बंदरातल्या आमच्या क्लबाच्या दारात एक छोटी आरमारी तोफ आहे. तिच्या पाठीवर कोरलंय ४-२-११. म्हणजे जन्म चार फेब्रुवारी १९११. त्या दिवशी क्लब दरवर्षी केक कापतो. तोफेला कुणी विचारलेलं नाही.

लेन हॉबडेला हे कधीच पटलं नाही. गोदीतला निवृत्त फिटर तो. नऊ वर्षं दर शनिवारी लंडनच्या दफ्तरखान्यात जाऊन जुन्या वह्या उपसायचा. बायको म्हणायची, दुसरी बाई असती तर निदान चहाला तरी बोलावली असती.

एका शनिवारी सापडलं. १८८८ची नोंदवही, एका टॉर्पेडो बोटीवरची तोफ, नंबर आमच्याच तोफेचा, आणि शेजारच्या रकान्यात ४-२-११. रकान्याचं नाव होतं वजन. हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड, ही जुनी इंग्रजी मापं: चार, दोन आणि अकरा. तोफांच्या पाठीवर तेव्हा वजन कोरत. त्या शांत वाचनकक्षात लेन इतका खिदळला की पहारेकऱ्याने त्याला बाहेर नेऊन पाणी पाजलं.

सेक्रेटरी बेरिलबाई मात्र ढिम्म. तोफेची पितळी पाटी सोमवारी कोरायला जायची होती आणि तिच्यावर १९११ ठरलं होतं. एका नंबराच्या दोन तोफा नसतात का, असं त्यांचं म्हणणं.

"उद्या तोलून बघू," लेन म्हणाला. "चुकलो तर तोफेला पुन्हा हात लावणार नाही."

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा पडला. तिला दर बुधवारी तेल तोच लावायचा.

रविवारी आम्ही सहा जणांनी नळी बैठकीवरून उतरवली, चादरीत गुंडाळली आणि हातगाडीवरून कोळशाच्या वखारीत नेली. चर्चमधून निघालेल्या मंडळींनी अदबीने टोप्या काढल्या. आम्हीही मग तोंडं गंभीर केली.

वखारीतल्या जुन्या तराजूत चार हंड्रेडवेट पडले, दोन क्वार्टर पडले. दांडी हलेना. लेनने डोळे मिटले. वखारवाला एकेक पौंड टाकत गेला. दहाव्याला दांडी थरथरली, अकराव्याला सरळ झाली.

लेनने बेरिलबाईंना कमरेला धरून कोळशातच गिरकी घेतली. मग सगळ्यांनाच चेव आला. जो तो पारड्यात चढून आपला नंबर काढून घेऊ लागला. शेवटी बाईंनाही चढवलं.

"एक-एक-नऊ!" वखारवाल्याने पुकारा केला.

"ते वजन नाही, तारीख आहे," बाई म्हणाल्या. "पाटीवर काय ते १८८८ घाला, आणि मला आधी खाली उतरवा."