अकरावीचे अडतीस

आमच्याकडे अकरावी कोणी धरत नाही. दहावीला बोर्ड, बारावीला बोर्ड. मधलं वर्ष आरामाचं. मीही ते आरामातच काढलं. दहावीत गणितात चौऱ्याण्णव होते, अकरावीत अडतीस. घरी कोणी रागावलं नाही. अकरावीचे पेपर कॉलेजच तपासतं आणि पुढे ते गुण कोणी विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बारावीच्या डिसेंबरात मी कॅनडातल्या एका विद्यापीठाचा अर्ज उघडला. मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. खाप्याला मामाकडे गेलं की तिथल्या खाणीजवळचे मँगनीजचे काळे दगड पिशवीत भरून आणायची सवय लहानपणापासूनची. अर्जात नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण मागितले होते. ती ओळ मी तीनदा वाचली. मुदत संपायला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"अकरावीची मार्कशीट? काहून पाहिजे वं तुले? आजपर्यंत कोणी मागितली नाही."

कॅनडाचं नाव ऐकून ते उठले. लोखंडी कपाटातल्या गठ्ठ्यांतून अर्ध्या तासाने माझी गुणपत्रिका निघाली. आकडा पाहून त्यांचाच चेहरा पडला.

"हे पाठवून राहिली का तू? थांब, दुसरी टाइप करून देतो. अडतीसचे अठ्ठ्याऐंशी. तीनचा आठ कराले किती वेळ लागते? शिक्का इथंच आहे."

मोह झाला. बारावीच्या सहामाहीत मला सत्त्याऐंशी होते. त्याच्या शेजारी अठ्ठ्याऐंशी शोभले असते. पण सहामाहीच्या आधी चार महिने मी अकरावीचं गणिताचं पुस्तक पहिल्या धड्यापासून पुन्हा सोडवलं होतं. अठ्ठ्याऐंशी लिहिले असते तर ते सांगायला जागाच उरली नसती.

"नको काका. आहे तेच द्या."

"पाहा बा. मंग माह्या नावानं रडू नको."

अर्जात गुण घसरल्याचं कारण लिहायला एक चौकोन होता. आईने भाजी निवडता निवडता कारण सुचवलं.

"डेंग्यू लिही. त्या वर्षी अर्ध्या गल्लीले झाला होता."

"मला नव्हता झाला."

"ते कॅनडावाले इथं पाहाले येऊन राहिले का?"

मी लिहिलं : आमच्या शहरात हे वर्ष कोणी मोजत नाही, म्हणून मीही मोजलं नाही. चूक माझी. पुढे त्या चार महिन्यांचा हिशेब, धड्यांसकट. मग अर्ज पाठवला. त्यानंतर मी रोज सकाळी उठल्या उठल्या ईमेल बघायची. बोर्डाच्या पेपरांच्या दिवशीसुद्धा.

एप्रिलमध्ये एका सकाळी साडेसहाला उत्तर आलं. पहिल्याच ओळीत अभिनंदन होतं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. आईने गॅस बंद केला.

"पूर्ण वाच. खाली काय लिहिलं आहे?"

खाली एक अट होती. सत्र सुरू होण्याआधी तिथे पोचून गणिताचा सहा आठवड्यांचा तयारी वर्ग पूर्ण करायचा. विषयांची यादी जोडली होती. सगळे अकरावीचे.

आई हसत सुटली. "म्हणजे इतक्या दूर जाऊन अकरावीच करशील का वं?"

"हो," मी म्हटलं आणि तिच्यासमोरच होकाराचं बटण दाबलं.