मोसेलान्त्जाची तीन मिनिटं

मातेबेल्लोच्या फोनमध्ये तीन मिनिटांचं एक चित्रण आहे. एक तरुण आई, तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ, मागे गोल घराची सारवलेली भिंत. डोंगरातल्या नव्वदएक बायकांनी ते पाहिलंय. जिने पाहिलं नाही अशी एकच, त्यातलं ते बाळ. ती आता आठ वर्षांची आहे, मातेबेल्लोच्याच घरात राहते, आणि गेला महिनाभर तर तिने एकच धोशा लावलाय. "न्खोनो, मला आई दाखव."

न्खोनो म्हणजे आजी. खरं तर मातेबेल्लो तिची नात्याने कुणीच लागत नाही. लागत नाही, दाखवलं तर पोर दुरावेल, म्हणूनच इतकी वर्षं ती टाळत आली. कधी म्हणायची, फोनला चार्जिंग नाही; कधी म्हणायची, आधी गृहपाठ कर. पण शाळेत बाईंनी "माझी आई" लिहायला सांगितलं आणि पोरीने कोरी वही घरी आणली, तेव्हा सगळ्या सबबी संपल्या.

मातेबेल्लो ही हा-सेकेते गावची आरोग्यसेविका. आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरात, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे दोन तास चालल्यावर हे गाव लागतं. तिने तिथे बावीस वर्षं बाळं मोजली. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, झोळीत बाळ घालायचं आणि आकडा लिहायचा. पुढे पुढे तर काट्याआधीच, बाळ हातावर घेतल्या घेतल्या ती वजन सांगायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. याचा तिला तोरा होता. दुसरा तोरा जिभेचा. उंबरठ्याबाहेर असतानाच तिचं बोलणं सुरू व्हायचं आणि निघून गेल्यावरही घरात थोडा वेळ घुमत राहायचं. माणूस प्रेमळ, पण समोरच्याला "अगं, पण" म्हणायला फट मिळायची नाही.

तिच्या गावात मापालेसा नावाची सून होती. आमच्या लेसोथोत सुनेला लग्नाच्या दिवशीच नवं नाव मिळतं, अजून न झालेल्या मुलाची आई म्हणून. पालेसा म्हणजे फूल, ही फुलाची आई. ते फूल आलं आणि सातव्या महिन्यात जुलाबाने गेलं. मग मुलगा झाला, तो चाळीस दिवसही टिकला नाही. तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूने कुणाला न विचारता तिचं नाव ठेवलं मोसेलान्त्जा. कुत्र्याची शेपटी.

दोन मुलं गेलेल्या घरात असंच करतात. मरणाने दारात यावं, कोण आहे आत म्हणून विचारावं, आणि असलं नाव ऐकून तोंड वाकडं करून पुढे जावं. त्या बाळाचं कौतुक करायचं नाही, चारचौघांत त्याचा मुका घ्यायचा नाही. "कशाला आलीय ही ब्याद" असं मोठ्याने म्हणायचं आणि मनात उलटं म्हणायचं. मातेबेल्लोच्या सख्ख्या आत्याचं नाव शेणी होतं. ती नव्वद वर्षं जगली, सगळ्यांना पुरून उरली.

त्याच वर्षी जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षण निघालं. डोंगरातल्या तेरा सेविका, महिन्यातून तीन दिवस, वर्षभर. विषय होता तान्ह्या बाळाचं मन. पहिल्याच दिवशी मातेबेल्लोने विचारलं, "बाई, तान्ह्या बाळाला मन असतं का? आम्ही तर आजवर पोटच बघितलं." सगळ्या हसल्या. शिकवणाऱ्या लिसेबोबाईही हसल्या. त्या राजधानीतल्या, मानसशास्त्र शिकलेल्या, मातेबेल्लोच्या लेकीच्या वयाच्या. त्यांचे बूट डोंगरात चालायच्या कामाचे नव्हते, हे मातेबेल्लोने सगळ्यांच्या आधी हेरलं होतं.

पण तिसऱ्या महिन्यापर्यंत बायकांना गोडी लागली. प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका आई-बाळाचं तीन मिनिटांचं चित्रण आणायचं. वर्गात ते तीनदा बघायचं. पहिल्यांदा आवाज बंद करून, मग आवाजासकट, आणि तिसऱ्यांदा फक्त बाळाकडे बघत. नियम एकच. जे दिसलं तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही.

मातेबेल्लोची पाळी आली तेव्हा तिने मापालेसाचं घर निवडलं. का, तर मिरवायला. मोसेलान्त्जाचं वजन असं चढत होतं की तक्त्यावर रेघ आखून घ्यावी. शिवाय बाळ गुणी, कधी रडायचं नाही. वर्गातल्या बायकांनी बघावं, हा-सेकेतेत बाळं कशी वाढतात ते.

आवाज बंद करून चित्रण झालं. लिसेबोबाईंनी वहीत मारलेल्या रेघा मोजल्या. मग म्हणाल्या, "मला दिसलं ते सांगते. आईने तीन मिनिटांत बाळाकडे एकदाही पाहिलं नाही, ती खिडकीकडे बघत होती. बाळाने चार वेळा आईकडे पाहिलं. पाचव्यांदा पाहिलं नाही. म्मे मातेबेल्लो, मला या दोघींची काळजी वाटते."

आईच्या मानाने 'म्मे' म्हटलं तरी मातेबेल्लो उठून उभी राहिली. राग नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"बाई, तुम्ही शहरातल्या. त्या पोरीचं नाव ऐकलंत का? मोसेलान्त्जा. दोन मुलं पुरलीयत त्या माउलीने. ती तिसरीकडे बघत नाही, कारण तिला ती जगवायचीय. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पुस्तकात नसेल लिहिलेलं, त्याला आम्ही काय करणार?"

"मी पण मोसोथोच आहे, म्मे, तुमच्याच लोकांतली. रीत मला माहीत आहे. पण रीत पाळणारी आई चोरून तर बघते ना? कुणाचं लक्ष नसताना?"

"अहो, मी फोन धरून समोर बसलेली. चोरून बघणार कधी? मला सांगून?"

वर्ग खो खो हसला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. शहरातल्या बाईची बोलती डोंगरातल्या बाईने बंद केली होती, आणि असा दिवस रोज उगवत नाही. लिसेबोबाईंनी हात जोडले. "गाव तुमचं, तुम्हाला जास्त कळतं. फक्त एक करा. तिच्याकडे जा आणि तासभर नुसत्या बसा. काही शिकवू नका, काही विचारू नका. बोलूच नका. ती काय करते, एवढंच बघा."

मातेबेल्लो गेली. न जाण्यातली ती नव्हती. दारातूनच तिने हाक मारली, "कुठे आहेस गं?" आमच्याकडे ख्यालीखुशाली अशीच विचारतात. "इथेच आहे," मापालेसा म्हणाली. त्याला उत्तरही हेच देतात. मग मातेबेल्लो बसली, आणि बसल्या बसल्या ज्वारीची पेज किती पातळ करावी इथपासून सुरुवात झाली. कोबीवर पडलेली कीड, बोगद्याच्या कामावर गेलेला शेजारणीचा नवरा, लिसेबोबाईंचे बूट. बूट ऐकून मापालेसा जराशी हसली सुद्धा. निदान मातेबेल्लोला तसं वाटलं. अर्ध्या तासाने ती उठली. वहीत तिने लिहिलं, "बसले. ठीक आहे."

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, बर्फ पडून गेल्यावरच्या लख्ख सकाळी, मापालेसाने बाळाला पाजलं आणि सासूच्या पाठीशी ब्लँकेटने घट्ट बांधलं. गाठ दोनदा ओढून बघितली. "पाणी आणते," म्हणाली. बादली झऱ्यापाशी सापडली, नीट पालथी घातलेली. मापालेसा दुसऱ्या दिवशी कड्याखाली सापडली.

तिला पुरलं तेव्हा सगळं गाव रडलं. सासूच्या पाठीवरचं बाळ तेवढं रडलं नाही. "किती गुणी बाळ गं," एक म्हातारी म्हणाली, "तिला बिचारीला काय कळतंय!" मातेबेल्लोने ते ऐकलं. तिथेच मातीच्या ढिगाशेजारी ती मटकन बसली. त्या बाळाला सगळं कळत होतं. वर्गात चार महिने तिला हेच तर शिकवलं होतं.

पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला जायची तिची छाती होत नव्हती. गेली. मान खाली घालून म्हणाली, "माझं चित्रण पुन्हा लावा." या वेळी तिने खरंच फक्त बाळाकडे पाहिलं. बाळ आईकडे बघतं, हसतं, थांबतं. पुन्हा बघतं. चार वेळा. मग ते मान वळवून समोर, फोनमागच्या माणसाकडे बघतं आणि हात पुढे करतं. तो हात कितीतरी वेळ तसाच असतो, मग खाली येतो. तिसऱ्या मिनिटाला बाळाची नजर कुठेच नसते. मातेबेल्लो हुंदके देऊन रडली. लिसेबोबाई उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्यांना "मी सांगितलं होतं" म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत, हे मातेबेल्लो आजही सगळ्यांना सांगते.

तेव्हापासून दर वर्षी नव्या तेरा जणींपुढे ती ते चित्रण लावते. सांगते, "रीत खरी होती. वजन खरं होतं. आणि बाई बुडत होती. मी टाळ्या घेऊन घरी गेले." बायका रडतात, ती त्यांना रडू देते. पूर्वीची बडबड आता राहिली नाही. गावातले लोक म्हणतात, मातेबेल्लो म्हातारी झाली.

मोसेलान्त्जाचा बाप सरहद्दीपलीकडे खाणीत. त्याने तिकडेच दुसरं घर केलं. पोर तीन वर्षांची असताना सासू वारली, आणि मातेबेल्लो तिला पाठीशी बांधून घरी घेऊन आली. प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर माया म्हणा. तिला स्वतःला ते वेगळं करून सांगता यायचं नाही. पोरीला बोलकं करायला दोन वर्षं लागली. मातेबेल्लो रोज संध्याकाळी तिच्यासमोर गप्प बसायची आणि तिने बघायची वाट बघायची. एके दिवशी पोरीने पाहिलं. त्या दिवशी मातेबेल्लोने शेजारपाजारच्या सगळ्यांना पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि भाजी जेवायला घातली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

तर तो कोऱ्या वहीचा रविवार. दुपारच्या उन्हात दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मातेबेल्लोने मनाशी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. "आई तुझ्याकडे बघत नव्हती, कारण तिला तुला जगवायचं होतं." हेच वाक्य बोलून तिने टाळ्या घेतल्या होत्या, हे तिला कळत होतं. पण आठ वर्षांच्या लेकराला दुसरं काय द्यायचं? आपल्या आईला आपण हवे होतो का, एवढंच तर ते विचारत होतं.

तिने सवयीप्रमाणे आवाज बंद केला आणि चित्रण लावलं.

मोसेलान्त्जा फोनला नाक लावून बघत राहिली. "ही आई?"

"हो."

"केस माझ्यासारखे आहेत."

"अगदी तुझ्यासारखे."

"ती खिडकीकडे बघतेय."

"हो."

"काय आहे खिडकीत?"

"काही नाही, बाळा. ती फार दमली होती. आजारी होती. आणि ते कुणाला दिसलं नाही." ठेवणीतलं वाक्य तोंडाशी आलं आणि मातेबेल्लोने ते गिळलं. "मलाही नाही."

पोरीने मान हलवली. चित्रण पुढे सरकत होतं. "आता मी तुझ्याकडे बघतेय," ती म्हणाली. "हात केलाय बघ."

"हो."

"आवाज लाव ना. आई काय म्हणते?"

"आई काही म्हणत नाही त्यात."

"तरी लाव."

मातेबेल्लोने आवाज लावला. उन्हात तिचाच आठ वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज बाहेर पडला. बघा बायांनो, हे आमच्या हा-सेकेतेचं बाळ, सात किलो दोनशे, नाव नका विचारू, पण गुण बघा, रडणं म्हणून ठाऊक नाही, आईला कसला म्हणून त्रास नाही... आवाज थांबायचं नाव घेत नव्हता.

"तू कुणाशी बोलतेयस?" मोसेलान्त्जाने विचारलं.

"वर्गातल्या बायकांशी. त्या नंतर बघणार होत्या."

"म्हणजे त्या तिथे नव्हत्या?"

"नव्हत्या."

"आम्ही होतो."

"हो," मातेबेल्लो म्हणाली. "तुम्ही दोघी होतात."

पोर पुन्हा फोनकडे बघू लागली. मातेबेल्लो गप्प राहिली. तेवढं तिला आता येत होतं. चित्रण संपलं, फोन काळा झाला. मोसेलान्त्जाने तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला आणि तिच्या कुशीत सरकून बसली.

"परत लाव," ती म्हणाली. "पण आवाज नको. मला आईला बघायचंय, आणि तू मध्ये सारखी बोलतेस."