चोर, पोरी

अनसूयाबाई सिस्टरांमुळे मी आज माझ्या लेकराजवळ आहे. हे आधी सांगते, मग बाकीचं. मागल्या महिन्यात आमचे हे दारव्ह्याच्या बाजारातून आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुह्या सिस्टरबाई गेल्या..." तव्यावरची भाकर करपली, तरी मी बसूनच.

माझं माहेर साताऱ्याकडचं. चौथीत शाळा सुटली, पुढं लग्न होऊन एवढ्या लांब, दारव्ह्याकडं आले. बाळंतपणात फार अडले, आणि त्यानंतर खोकलं, शिंकलं, घागर उचलली, की लुगडं भिजायचं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण थकल्या. एक दिवस माझी ट्रंक माळ्यावरून काढून दाराशी ठेवली. "सूनबाई, लेकरू इथंच राहू दे. तू माहेरी जा. बरी झाली तं ये." आणि नाही झाले तर...?

माहेरची वाट धरण्याआधी मी दारव्ह्याच्या दवाखान्यात गेले, तिथं सिस्टरांनी दार लावून घेतलं. रक्तदाब बघायच्या पेटीला दंडाच्या पट्ट्याऐवजी त्यांनी लहानसा रबरी फुगा जोडला होता. तो माझ्या अंगात ठेवून म्हणाल्या, "आवळ." मी मुठी आवळल्या, दात आवळले, श्वास धरला. पारा हलेना.

"दात काहून आवळून राह्यली? दातातून गळते का तुले?"

मी रडता रडता हसले. मग त्या म्हणाल्या, "घरी गाय हाय ना? वासरासाठी पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते, तशी तू चोर. आतून, वर."

पारा जरासा चढला.

"चढला वो माय!" माझ्याआधी त्याच ओरडल्या. "मेलं नाही काही. निजलं हाय. रोज जागं करजो."

ट्रंक दाराशीच राहिली, आणि मी दर बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जायची. पारा अडला की माझा जीव घाबरा व्हायचा. "त्याले तुह्या सासूसारखी घाई नाही," त्या म्हणायच्या. कापूस वेचताना एकदा सटकन शिंक आली, आणि लुगडं कोरडं! त्या संध्याकाळी मी सांगितलं, आणि सासूबाईंनी ट्रंक परत माळ्यावर चढवली.

अजून धार काढताना गाय पान्हा चोरते, तेव्हा माझंही आतून आपोआप आवळतं. कानाशी ऐकू येतं, "चोर, पोरी..." शेजारची बाळंतीण हल्ली विहिरीवर सगळ्यांच्या मागं उभी राहते, लुगडं मागून चाचपते. मला कळतं, पण जीभ उचलत नाही. सिस्टर, तुमचा फुगा माझ्याकडे नाही, शब्द आहे. एक दिवस दार लावून मी तो तिला देईन. तुमची फेड तेवढीच माझ्या हातात आहे, आणि ती मी करीन.